बारावा कागद

माझ्या सुनेचं वागणं मला कधीच पुरतं पटलेलं नाही, पण त्या गुरुवारी तिनं कहर केला. सासू लिफ्टमध्ये अडकलेली, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या अधेमधे, दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे, आत अंधार — आणि ही बाहेर उभी राहून लिफ्टवाल्याच्या पाटीचं इंग्रजी तपासत होती. जाळीच्या दारातून वर पाहिलं की मला तिची चप्पल दिसायची आणि शेजारी त्याचे बूट. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, हे तेव्हाच माझ्या नजरेत भरलं.

लिफ्टवाल्यानं आल्या आल्या दाराला एक पुठ्ठा अडकवला होता. त्यावर काय लिहिलं होतं ते मला नंतर कळलं. लिफ्ट बंद होती, काम चालू आहे, कृपया जिना वापरला. आता माझी सून एका शाळेत इंग्रजी शिकवायची. ती शाळा बंद पडली, पण हिची खोड काही बंद पडली नाही. पर्समध्ये लाल पेन कायमचं. ती म्हणाली, "अहो, काल, आज आणि उद्या एकाच ओळीत कोंबलेत तुम्ही."

तो म्हणाला, "बाई, आत माणूस आहे. आधी माणूस काढू की काळ जुळवू?"

"हातानं माणूस काढा. कान रिकामेच आहेत ना?"

मग तो पाना फिरवत राहिला आणि ही शिकवत राहिली. एका वाक्यात दोन तुकडे असले की त्यांचे काळ एकमेकांशी जमले पाहिजेत. एक गोष्ट काल झाली आणि तिच्यामुळे दुसरीही कालच झाली, तर दोन्ही कालच्याच ठेवायच्या, मधेच आजवर उडी मारायची नाही. वीस मिनिटं हे चाललं. शेवटी मी आतून ओरडून सांगितलं की मी इथे गुदमरून गेले तर काल गेले की आज गेले, तेही ठरवून पाटीवर लिहा. त्यावर तो हसला. आणि मग… सूनही हसली.

मी गठ्ठे खाली ठेवले आणि ऐकत बसले. माझा मुलगा गेल्यापासून सहा वर्षांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. लिफ्ट आणखी पाच मिनिटं अडकून राहिली तरी चाललं असतं.

आमच्या घराचं सांगायचं तर दोन बायका आणि तीन खोल्या. मी चौथी शिकलेली. नवरा लवकर गेला, मुलगा शिवणयंत्रावर वाढवला, तोही आजारानं गेला. मागे राहिलो आम्ही दोघी. ती सकाळी उठली की रिकाम्या खोलीतला रेडिओ लावायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. जेवायची ती ओट्याशी उभ्यानं. मी मशीनशी बोलायचे, कारण मशीन उलटून बोलत नाही. आम्ही भांडायचोसुद्धा कमी. भांडायला जोर लागतो.

लिफ्टवाल्यानं आपल्या कचेरीत जाऊन या लाल पेनाची गोष्ट सांगितली, आणि आठच दिवसांत सुनेला घरबसल्या काम आलं. त्या लोकांची अडचण अशी होती. दुरुस्ती केली की मेकॅनिकनं इंग्रजीत एक कागद लिहायचा, तो विमा कंपनीकडे जायचा. मागे त्यांच्यातल्या एकानं लिहिलं, दोर झिजला होता आणि मी तो बदलतो. विमावाल्यांनी विचारलं, बदललात की बदलणार आहात? बदलला होता हो, पण कागद तसं म्हणत नव्हता. तीन आठवडे लिफ्ट बंद राहिली आणि सातव्या मजल्यावरच्या पाय मोडलेल्या म्हातारीनं तीन आठवडे खिडकीतून रस्ता पाहिला. तेव्हापासून नियम झाला. कागद आधी माझ्या सुनेकडे यायचा. तिनं फक्त लाल करायचं आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं. ज्याची सही, त्यानंच गुरुवारी येऊन, तिच्यासमोर बसून, स्वतःच्या हातानं शाईत तो पुन्हा लिहायचा. जुना कागद नव्यामागे टाचायचा. शुक्रवारी दुपारी कचेरीचा माणूस लखोटा घेऊन जाणार.

मेकॅनिक नऊ होते. आठ जण दारातल्या स्टुलावर टेकून खरडायचे आणि पळायचे. नववा, म्हणजे तोच आमचा लिफ्टवाला, खुर्चीवर बसायचा.

मी त्याचं नाव वरखाली ठेवलं. धंदाच तसला. चाळिशीला आलेला, अंगानं सडसडीत, बोलताना आधी जमिनीकडे बघणार आणि मग तोंडाकडे. बूट दाराबाहेर काढायचा, खिशातून चिंधी काढून हात दोनदा पुसायचा, आणि तरी कागदाच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटायचाच. सून तो डाग कधी खोडरबरानं पुसायची नाही. आठ जणांचे पुसायची.

पहिला कागद गोवर आल्यासारखा होता. मी इंग्रजी वाचत नाही, पण मोजता येतं. एकतीस लाल खुणा. तो बघून खजील झाला आणि म्हणाला की बाई, माझी लिफ्ट बरी चालते, भाषाच मजल्यांच्या मधे अडकते. सुनेनं त्याला पुन्हा समजावलं. मला मात्र ते माझ्या परीनं समजलं. पट्ट्यांचं कापड शिवताना शिवणीच्या अलीकडचा पट्टा पलीकडच्या पट्ट्याला मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर सदरा फाटत नाही, अंगात घालताही येतो, पण बघणाऱ्याला वाटतं, दोन माणसांचे दोन सदरे जोडलेत. मी हे मोठ्यानं म्हटलं, तर त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मावशी, हे मला आत्ता कळलं. सून म्हणाली की इतका वेळ मी काय भिंतीशी बोलत होते का. त्यानं सांगितलं, तुम्ही बोलत होता तेव्हा मी ऐकत होतो, समजत नव्हतो.

"हे वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

असे गुरुवार सुरू झाले. चारच्या ठोक्याला घंटा. सून साडेतीनलाच केस नीट करून बसलेली असायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, उकडतंय म्हणून बांधले. बाहेर पाऊस पडत असला तरी तिला उकडायचं.

एकदा तिनं त्याला उदाहरण म्हणून एक वाक्य करायला सांगितलं, दोन तुकड्यांचं, दोन्ही कालचे. मी काजं करत होते. तो बराच वेळ पेन धरून बसला, मग हळूच म्हणाला, "मी आलो तेव्हा तुम्ही दार उघडलं."

"बरोबर. आणखी एक."

"मी आलो तेव्हा… तुम्ही दाराशीच उभ्या होता."

सून कागदाकडे बघत राहिली. "वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. "माहिती चुकीची आहे."

माहितीही बरोबर होती. पण मला कुणी विचारलं नाही.

त्याच्या घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, हे तो कधी बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. संध्याकाळचे पाच वाजून गेले तरी ज्याला उठायची घाई नसते, त्याचं घर कसं असेल ते कळतं. कचेरीच्या गोदामामागे एक खोली, एक खाट, आणि भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर, एवढं मला बाकीच्या आठांकडून समजलं होतं. आणि तरी मी एकदा त्याला टोचलं. लिहून झालं होतं, कप रिकामे झाले होते, दोघं उगाच खिडकीबाहेर बघत बसले होते, काही न बोलता, आणि ते न बोलणं मला भरलेल्या घरासारखं वाटलं. त्यात माझ्यासाठी खुर्ची नव्हती. मी म्हटलं, "आमच्याकडे कामाशिवाय कुणी येत नाही आणि काम झालं की कुणी थांबत नाही."

तो लगेच उठला. बूट घालून दारातून म्हणाला, बरोबर आहे मावशी. त्यानंतर काम झाल्यावर तो एकदाही थांबला नाही आणि कामाशिवाय एकदाही आला नाही. मानी माणसाला एकदाच सांगावं लागतं, हे मला माहीत होतं. मीही तशीच आहे.

पण मग एक वेगळीच पंचाईत झाली. माणूस शिकत होता. एकतीसच्या एकोणीस झाल्या, एकोणीसच्या आठ, आठच्या तीन. लाल कमी झालं की लिहायला वेळ कमी, आणि तो पाच ऐवजी साडेचारला उठायला लागला, मग सव्वाचारला. शिकवणारीला आनंद व्हायचा, आणि चेहऱ्यावर आनंद जेमतेम तो बूट घालेपर्यंत टिकायचा. एका आठवड्यात कागद अगदी स्वच्छ आला. एकही खूण नाही. म्हणजे तो येणार नाही. त्या गुरुवारी सुनेनं सवयीनं तीन कप मांडले, चहा ओतला, आणि तिसरा कप गार झाल्यावर मोरीत उपडा केला. मी मशीनचं चाक फिरवत राहिले. सुईत दोरा नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्याच्या कागदावर पाच चुका. पाचही शेवटच्या तीन ओळींत. मी इतकी वर्षं शिवणकाम करते आहे. ज्याचा हात एकदा सरळ बसला, त्याला मग वाकडं शिवता येत नाही. त्याचं वाकडंसुद्धा मोजूनमापून येतं. सूनही काही दुधखुळी नव्हती. तिनं तोंडाची सुरकुती न हलवता पाच ठिकाणी लाल केलं, गुरुवारी त्याला पाचही समजावून सांगितल्या, त्यानं पाचही वेळा मान डोलावली. घरात तीन माणसं आणि तिघांनाही ठाऊक असलेली एक गोष्ट, आणि बोलायचं कुणीच नाही. असे चार महिने गेले. मला वाटतं, त्या घरातले ते सगळ्यांत बरे चार महिने होते.

मग तो एक दिवस दारातच घुटमळला. बूट पायात तसेच. सुनेला सांगू लागला की डोंगरापलीकडच्या शहरात कंपनीची नवी शाखा निघते आहे, इथून चार तासांवर. तिथे तपासनीस हवा आहे. कामाचं सगळं त्याला येतं. अडतं ते कागदांपाशी. साहेबांची अट आहे की सलग बारा आठवडे एकही कागद लाल होऊन परत यायला नको. बारा झाले तर जागा त्याची. नाहीतर दुसऱ्याची, आणि पुन्हा अशी जागा कधी निघेल ते सांगता येत नाही.

"तपासनीसाला दोन खोल्या देतात," तो म्हणाला. आणि जमिनीकडे बघून, "एकट्या माणसाला दोन खोल्या म्हणजे… या खोलीतून त्या खोलीत जायचं, आणि परत यायचं."

"व्यायाम होईल," सून म्हणाली.

"हो. व्यायाम तर होईलच."

जिन्यात कुणाच्या तरी पायांचा आवाज येऊन गेला. तो म्हणाला, "म्हणजे बारा आठवडे मी चुकायचं नाही."

"मग चुकू नका."

"म्हणजे बारा आठवडे यायचं नाही."

सुनेनं पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं नव्हतं, तिनं काढून पुन्हा लावलं. त्यानं माझ्याकडे बघून मान लववली आणि गेला. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, कामाशिवायही या हो. जिभेवर होतं. पण मी ते गिळलं, आणि म्हटलं की दार लावून घे, वारा येतोय.

अकरा गुरुवार.

त्याचे कागद दुसऱ्या कुणाच्या हाती यायचे, स्वच्छ, सरळ, प्रत्येक काल आपल्या कालशी आणि प्रत्येक आज आपल्या आजशी. सून ते तीनतीनदा वाचायची. पेन उघडायची, बंद करायची. कोपऱ्यावरच्या ग्रीसच्या अंगठ्यावर तिचं बोट जाऊन थांबायचं, आणि मी बघते आहे असं दिसलं की ती पान उलटायची. पाचव्या कागदावर अंगठा नव्हता. तिनं पान पालथं करून पाहिलं. तिथेही नव्हता. माणूस हातसुद्धा नीट पुसायला शिकला होता.

चार वाजता घंटा वाजायची नाही, आणि न वाजलेली घंटा सगळ्या घराला ऐकू यायची. रेडिओ पुन्हा रिकाम्या खोलीत गेला. मी लिफ्टनं उगाच चारदा खाली-वर केलं, की मेली एकदा तरी अडकेल आणि कुणाला तरी बोलवावं लागेल. पण ती इतकी गुणी झाली होती, लोण्यातून गेल्यासारखी जायची. आणि हे करताना माझ्या मनात दुसराही हिशोब चालायचा, तो लपवण्यात अर्थ नाही. बारा कागद झाले की तो जाणार. जाण्याआधी विचारणार. ही हो म्हणाली तर मग मी, तीन खोल्या, आणि मशीन. व्यायाम मलाही होणार होता.

बारावा कागद मंगळवारी आला. सुनेनं तो मेजावर ठेवला, समोर बसली आणि पेनाचं टोपण काढलं. अर्धा तास ती तशीच. पेनाची निब कागदापासून बोटभर वर. माझ्या दोन बाह्या जोडून झाल्या, तरी ती हलली नव्हती. मग एकदम, डास मारावा तसं, तिनं एका ठिकाणी लाल केलं आणि लखोटा बंद केला. मी विचारलं, चुकला का? ती म्हणाली, "हो. एक."

गुरुवारी चार वाजता घंटा वाजली. बाहेर भुरभुर चालू होती, त्याच्या खांद्यांवर थेंब होते. त्यानं बूट काढले, हात पुसले, दोनदा. तो रोडावला होता थोडा. सून म्हणाली बसा. तो बसला. अकरा आठवड्यांत साठलेलं काहीतरी दोघांच्या तोंडाशी आलं असावं, कारण दोघंही एकदम बोलायला गेले आणि दोघंही थांबले. मग तिनं कागद पुढे सरकवला.

त्यानं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. ओठ हलवत तिसऱ्यांदा वाचली. मग त्यानं कागदावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं, आणि ती खिडकीबाहेर पाहत होती.

"इथे चूक आहे?"

"आहे."

"नक्की?"

तिनं नुसती मान हलवली.

"तुम्ही म्हणता म्हणजे आहे," तो म्हणाला. नवा कागद घेतला आणि पहिल्या अक्षरापासून सगळा उतरवून काढला, ती ओळसुद्धा, जशी लाल शाईत होती तशी. सही केली. जुना कागद मागे टाचला. टाचणी बोटाला लागली, ते बोट त्यानं चिंधीत पुसलं. उठताना म्हणाला, "मग आता पुन्हा एकपासून. ती जागा तर गेली… पण गुरुवार राहिले."

सुनेनं मान वर केली नाही. तो बूट घालून निघाला. जन्मभर लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस, जिन्यानं उतरला. मी मजले मोजले.

शुक्रवारी सकाळी सून आंघोळीला गेली, तेव्हा मी लखोटा उघडला. दोन्ही कागद घेतले आणि खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंकडे गेले. त्या न्यायालयात तीस वर्षं इंग्रजी टंकलेखन करून निवृत्त झालेल्या. त्यांना म्हटलं, चष्मा लावा आणि एवढंच सांगा, यातला बरोबर कुठला.

त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, मागचा. मागच्यात लिहिलंय, दार अडकलं होतं म्हणून मी खाच साफ केली. अगदी नीट आहे. नव्यात झालंय, दार अडकलं होतं म्हणून मी खाच साफ करतो. "बरोबर होतं ते दुरुस्त करून बिघडवलंय. कुणाचा हात आहे हा लाल?"

मी म्हटलं, ओळखीचा आहे.

जिन्यात पाचव्या पायरीवर मी बसले. वय झालं की जिने लांब होतात, पण मी त्यासाठी बसले नव्हते. माझ्या हातात दोन कागद होते, आणि ते आल्या पावली लखोट्यात ठेवले की काम झालं. दुपारी माणूस येणार, लखोटा नेणार, जागा दुसऱ्याला मिळणार. वरखाली दर गुरुवारी येणार, मोजून पाच चुका करणार. तीन कप मांडले जाणार. सून माझ्याच घरात म्हातारी होणार, मी तिच्या आधी. कुणाला कळणारही नाही. आणि त्यानं तर ओळखलं होतं… ओळखूनच, स्वतःच्या हातानं, चुकीचं लिहून गेला होता. तिला खोटं पाडण्यापेक्षा त्यानं जागा सोडली होती.

एवढं कुणी माझ्यासाठी कधी केलं होतं का, ते मी आठवून पाहिलं. मग उठले.

सून ओल्या केसांनी मेजापाशी उभी होती. रिकामा लखोटा तिच्या हातात होता. मी कागद तिच्यासमोर ठेवले, बरोबर वर, बिघडवलेला खाली. तिनं ते पाहिले आणि तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं होतं ती कांगावा करील. तिनं केला नाही.

"एकदाच यावं असं वाटलं," ती म्हणाली. "अकरा आठवडे, आई… एकदाच. हे गेल्यापासून या घरात मी कशाची वाट पाहिली नव्हती. आणि हे गुरुवार आले. वाटलं, कागद लाल झाला की ते येतील, निदान बघता येईल."

"आणि?"

"आणि जागा मिळाली असती तर त्यांनी विचारलं असतं. विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तुम्हाला इथे एकटं टाकून मी कशी जाऊ? कामाशिवाय इथे कुणी येत नाही, तुम्हीच म्हणता. मग तुमच्याकडे कोण येईल?"

हे मला लागलं. कुठे लागलं ते मी दाखवलं नाही. तिला म्हटलं, बस. ती बसली. मी उभीच राहिले, कारण मी बुटकी आहे, आणि मला काही सांगायचं असलं की समोरचं माणूस बसलेलं लागतं.

"सूनबाई, तुझ्या चहापासून तुझ्या केस विंचरण्यापर्यंत सगळ्याला मी आजवर नावं ठेवली, आणि त्यातली निम्मी उगाच होती, तोंडाला चाळा म्हणून. हे उगाच नाही. तू त्या माणसाची मेहनत नासवलीस, आणि वर माझं नाव पुढे केलंस. माझ्यासाठी म्हणून कुणी घरात बसून राहिलेलं मला चालायचं नाही. मला सोबत हवी असती तर मी मागितली असती, मला तोंड आहे. तू गेलीस की मला एकटं वाटेल. वाटू दे. ते माझं मी बघेन. आता केस बांध, चप्पल घाल, हे दोन्ही कागद घेऊन कचेरीत जा आणि चूक माझी होती म्हणून साहेबांना सांग. तिथून गोदामामागे जा आणि त्या माणसाला उत्तर दे. त्यानं विचारायची वाट बघू नकोस, तो शहाणा जमिनीकडे बघत बसेल. आणि मी महिन्यातून एकदा येईन तुमच्या त्या दोन खोल्यांत, काही काम नसताना येईन. आले की उंबऱ्यापासून नावं ठेवायला लागेन, हे त्यालाही आत्ताच सांगून ठेव."